मोजणी आजाराची करा, शिक्का माणसावर नको

दरवर्षी १४ एप्रिलला आपल्या वस्त्यांत रक्तदान शिबिरे होतात. नायगावच्या बीडीडी चाळींपासून डिलाईल रोडपर्यंत, लालबागच्या गल्ल्यांपासून गिरगावच्या खेतवाडीपर्यंत तरुण रांगा लावून रक्त देतात. त्या रक्ताची प्रत्येक पिशवी रुग्णाला चढवण्याआधी पाच आजारांसाठी तपासली जाते: एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, मलेरिया आणि उपदंश, म्हणजे बोलीत ज्याला गरमी म्हणतात तो आजार. हा कायद्याचा नियम आहे, त्यातून कोणाची सुटका नाही. याचा अर्थ असा की ज्याने आयुष्यात एकदा जरी रक्तदान केले, त्याची लैंगिक आजाराची तपासणी झालेली आहे. त्याची कोणाला लाज वाटत नाही. उलट प्रमाणपत्र घेऊन फोटो काढले जातात, स्टेटसला ठेवले जातात.

आता तोच तरुण, तेच रक्त, तीच तपासणी. फक्त या वेळी लघवीला जळजळ होते म्हणून तो स्वतःच्या पैशाने एखाद्या खासगी लॅबमध्ये जातो. काउंटरवरची मुलगी मोठ्याने विचारते, "व्हीडीआरएल पण करायची ना?" मागे रांगेत उभी असलेली माणसे वर बघतात. बिल छापून येते आणि त्यावर तपासणीचे नाव आणि कोड असतो. तो कागद तो चौघडी करून खिशात लपवतो. रक्त बदलले नाही, तपासणी बदलली नाही. बदलली ती बिलावरची एक ओळ. हा लेख त्या एका ओळीबद्दल आहे, कारण त्या ओळीवर आपल्या माणसांची नोकरी, लग्न, उपचार आणि इज्जत अडकलेली आहे, आणि चळवळीत आपण त्यावर अजून नीट बोललेलो नाही.

कोड म्हणजे काय?

दवाखान्यात दोन प्रकारचे कोड चालतात. एक आजाराचा, दुसरा कामाचा. आजाराचे कोड जागतिक आरोग्य संघटनेने ठरवले आहेत. त्या यादीच्या दहाव्या आवृत्तीत ए ५० ते ए ६४ हा अख्खा गट लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या संसर्गांचा आहे. ए ५४ म्हणजे परमा, ए ५६ म्हणजे क्लॅमिडिया. एचआयव्हीमुळे होणारे आजार बी २० ते बी २४ मध्ये येतात. कोणताही आजार नसताना नुसती तपासणी करून घ्यायची असेल तर त्यालाही कोड आहे, झेड ११.३. आणि झेड ७२.५ असा एक कोड आहे ज्याचा अर्थ 'जोखमीचे लैंगिक वर्तन'. नीट वाचा. हा आजाराचा कोड नाही. हा माणसाच्या वागण्यावर डॉक्टरने लिहिलेला शेरा आहे.

कामाचे कोड देशोदेशी वेगळे. अमेरिकेत ते पाच आकडी असतात आणि त्यांची मालकी तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेकडे आहे. उपदंशाची प्राथमिक तपासणी ८६५९२, क्लॅमिडियाची जनुकीय तपासणी ८७४९१, परम्याची ८७५९१. तिथे विमा कंपनी झालेल्या खर्चाचा तपशील पॉलिसीच्या मालकाच्या घरी पाठवते. त्यामुळे आईबापांच्या पॉलिसीवर असलेल्या मुलीने तपासणी केली की तपशिलाचा कागद बापाच्या हातात पडायचा. या एका कागदाच्या भीतीने मुले-मुली तपासणीच टाळतात, हे लक्षात आल्यावर कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला आणि २०१५ पासून रुग्णाला 'माझा तपशील घरी पाठवू नका' असे सांगायचा हक्क मिळाला. जिथे पैशाला तोटा नाही तिथेही बिलाचा कागद तपासणीच्या आड येतो, एवढेच आपण यातून घ्यायचे.

आपल्याकडे सगळ्यांना लागू असा एकच बिल-कोड नाही. प्रत्येक लॅबचे स्वतःचे कोड, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या योजनेचे वेगळे, विमा कंपन्यांचे वेगळे. पण विम्याच्या अर्जात आजाराचा जागतिक कोड भरायचा रकाना असतोच. आणि लॅबच्या बिलावर कोडसमोर तपासणीचे पूर्ण नाव उघडउघड छापलेले असते. व्हीडीआरएल हे नावच मुळात अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरे आहेत, आणि त्यातल्या पहिल्या दोन अक्षरांचा अर्थच 'गुप्तरोग'. म्हणजे तपासणीचा निकाल यायच्या आधीच कागदाने माणसाला नाव ठेवून टाकलेले असते. वर ही तपासणी अशी, की गरोदरपणात, मलेरियात, कुष्ठरोगात, सांधे आणि त्वचेच्या काही आजारांतही ती खोटी सकारात्मक येऊ शकते. म्हणून तिच्यानंतर टीपीएचएसारखी खात्रीची तपासणी करावी लागते. बिलावर हे काहीच लिहिलेले नसते. बिल फक्त बोट दाखवते.

बोट दाखवल्यावर काय होते?

आमच्या कामात आलेला एक प्रसंग सांगतो. ओळख पटेल असे काही ठेवलेले नाही. परळ भागातल्या एका कार्यालयात कंत्राटदारामार्फत पॅन्ट्रीत काम करणारा तरुण. चहा करणे, पाण्याच्या बाटल्या भरणे, कप धुणे हे त्याचे काम. त्रास झाला म्हणून त्याने खासगी लॅबमध्ये तपासण्या केल्या. वर्षाला ठरावीक वैद्यकीय खर्च परत मिळतो म्हणून बिल कंत्राटदाराच्या ऑफिसात जमा केले. बिलावर सहा ओळी होत्या, त्यातल्या चार लैंगिक आजारांच्या. रिपोर्ट त्याने दिला नव्हता, फक्त बिल दिले होते. आणि रिपोर्टमध्ये एकही संसर्ग निघालेला नव्हता. लघवीच्या मार्गाचा साधा जंतुसंसर्ग होता, पाच दिवसांच्या गोळ्यांनी तो बरा झाला. पुढच्या आठवड्यात त्याला पॅन्ट्रीतून काढून तळघरातल्या पार्किंगमध्ये उभे केले. कारण कोणी सांगितले नाही. कामावरून काढले नाही, पगार कापला नाही. फक्त त्याच्या हातचे पाणी बंद झाले.

साथींनो, हातचे पाणी बंद होणे म्हणजे काय, हे आपल्याला समाजशास्त्राच्या पुस्तकातून शिकायची गरज नाही. उपदंश किंवा परमा चहाच्या कपातून पसरत नाही, हे त्या कार्यालयातल्या शिकलेल्या लोकांना ठाऊक नसेल असे नाही. पण विटाळाची कल्पना ज्ञानावर चालतच नाही. ती शिक्क्यावर चालते. एकदा शिक्का दिसला की हात आपोआप मागे जातो. पूर्वी तो शिक्का आडनावात दिसायचा, आजही भाड्याने खोली शोधताना दिसतो. इथे तो बिलाच्या ओळीत दिसला.

डॉक्टरने रुग्णाचे गुपित फोडू नये, असा नियम वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. चांगला आहे. पण बिल डॉक्टर बनवत नाही. ते कॅश काउंटरवर बनते, तिथून कंत्राटदाराच्या क्लार्ककडे जाते, तिथून हिशेबाच्या फाइलीत. त्या साखळीतल्या कोणालाही ती आचारसंहिता लागू नाही. गुपित डॉक्टरच्या खोलीत सुरक्षित आणि खिडकीवर उघडे, अशी ही व्यवस्था आहे.

विम्याचे कोड: पैसे नाहीत, पण नोंद मात्र आहे

कोणी म्हणेल, विमा काढा, प्रश्न मिटला. बघू या. विमा नियामकाने २०१९ मध्ये विम्यात काय वगळता येईल याचे एकसारखे कोड ठरवून दिले. त्यातला चौथा कोड 'तपासणी आणि मूल्यमापन' असा आहे: केवळ निदानासाठी दवाखान्यात दाखल झालात तर खर्च मिळणार नाही. लैंगिक आजाराच्या तपासणीसाठी तर कोणी दाखलही होत नाही, ती बाह्यरुग्ण विभागातच होते, आणि साध्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्च धरतच नाहीत. त्याच वर्षीच्या नियमांत आणखी एक यादी होती: ज्या अर्जदाराला आधीपासून हे आजार आहेत त्याला विमा देताना कंपनीने कोणते आजार कायमचे वगळले तरी चालेल, याची. कर्करोग, अपस्मार, हृदयविकार यांच्याबरोबर तिथे एचआयव्ही-एड्स होता, कोडसकट, बी २० ते बी २४. म्हणजे कोड तुम्हाला पैसे मिळवून देत नाही, पण तुम्हाला ओळखून बाजूला काढायला तो अगदी पक्का चालतो.

आणि सरकारी योजना? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. त्यात शस्त्रक्रियांची आणि उपचारांची पॅकेजे आहेत, प्रत्येकाला आपापला कोड आहे. पण ती दाखल रुग्णांसाठी आहे. म्हणजे क्लॅमिडियाकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष होऊन गर्भाशयाच्या नळ्यांना सूज आली, पू झाला, शस्त्रक्रियेची वेळ आली, तर कदाचित कोड सापडेल. ती वेळ येऊ नये म्हणून करायच्या तपासणीला कोड नाही.

गरिबाच्या आजाराला रंग

मग आपली बाई, आपला गडी जातो कुठे? केईएम, नायर, जेजे, नाही तर महापालिकेचा दवाखाना. तिथे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली 'सुरक्षा क्लिनिक' चालतात. तिथली पद्धत लक्षणांवरून उपचार करायची आहे. रुग्णाचे लक्षण विचारायचे, तपासायचे आणि त्या लक्षणाला ठरलेला औषधांचा डबा द्यायचा. डबे सात, त्यांना रंग सात. मूत्रमार्गातून किंवा गर्भाशयाच्या मुखातून स्राव असेल तर करडा, योनीदाह असेल तर हिरवा, जखम असेल तर पांढरा, पेनिसिलीन चालत नसेल तर निळा, हर्पीसला लाल, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळा, जांघेत गाठ असेल तर काळा.

या पद्धतीला नावे ठेवायची आमची इच्छा नाही. उपचार फुकट आहे, पहिल्याच भेटीत औषध मिळते, रिपोर्टसाठी आठ दिवसांनी पुन्हा खाडा करून यावे लागत नाही. रोजंदारीवरच्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे. तिथल्या समुपदेशक, परिचारिका आणि तंत्रज्ञ अपुऱ्या पगारावर काम करतात, हेही आम्ही पाहतो. पण या पद्धतीचा आधारच लक्षण आहे. आणि क्लॅमिडिया, परमा हे आजार बाईच्या शरीरात बहुतेकदा लक्षणांशिवाय राहतात. जिला दुखत नाही ती येत नाही. जी येते तिचे पांढरे जाणे नेमके कशामुळे, हे लक्षणावरून नीट ठरत नाही. गरज नसताना प्रतिजैविक दिले जाते, किंवा गरज असताना दुसराच डबा हाती पडतो. परम्याचे जंतू एकेका औषधाला दाद देईनासे होत आहेत, त्यामागे आंधळेपणाने दिलेली प्रतिजैविके हे एक कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत, शक्य तिथे स्रावाच्या रुग्णाची जनुकीय तपासणी करून मगच उपचार करा, असे सांगितले.

म्हणून चित्र असे आहे. दादरच्या इमारतीतल्या माणसाला पाच आकडी कोडची तपासणी मिळते, तो पैसे भरतो. लालबागच्या चाळीतल्या बाईला रंग मिळतो, तपासणी मिळत नाही. आणि मधला, खासगी लॅबमध्ये जाण्याइतके पैसे असलेला पण बिल साहेबाला दाखवावे लागणारा कंत्राटी कामगार, त्याला शिक्का मिळतो. ही आरोग्यातली वर्गवारी आहे आणि आपल्या शहरात वर्ग कोणत्या जातीच्या पायावर उभा आहे हे सांगायला नको.

नंबर ढालही होऊ शकतो

कोड मुळातच वाईट, असे आमचे म्हणणे नाही. या शहरानेच दोन्ही प्रकारचे नंबर पाहिलेले आहेत.

इंग्रजांनी १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा आणला आणि तो मुंबईतही लावला. वेश्याव्यवसायातल्या बायकांची नोंदणी, ठरलेल्या दिवशी सक्तीची तपासणी, आजार सापडला तर कोंडून ठेवणे. गोऱ्या शिपायांना आजार होऊ नये म्हणून हे सगळे. शिपायाची नोंदणी नाही, गिऱ्हाइकाची नाही, फक्त बाईची. १८८८ मध्ये तो कायदा गेला. तो नंबर शिक्का होता.

याच्या बरोबर उलट उदाहरण मुंबई उच्च न्यायालयाचे, १९९७ चे. एका सार्वजनिक उपक्रमात हंगामी मजुरी करणाऱ्या कामगाराला एचआयव्ही निघाला म्हणून काम नाकारले. तो कोर्टात गेला. नाव उघड झाले तर जगणे अशक्य होईल, म्हणून न्यायालयाने त्याला नाव लपवून लढू दिले. तो खटला 'एमएक्स' या दोन अक्षरांनी ओळखला जातो. काम करण्याची ताकद असलेल्या माणसाला केवळ संसर्ग आहे म्हणून कामावरून दूर ठेवता येणार नाही, असा निकाल लागला. आजही त्या कामगाराचे नाव आपल्याला माहीत नाही, आणि त्याच्यामुळे हजारोंच्या भाकरीला आधार मिळाला. तो कोड ढाल होता.

एचआयव्हीच्या रुग्णांनी, त्यांच्या संघटनांनी, वकिलांनी अशी ढाल लढून मिळवली. सरकारी तपासणी केंद्रात रुग्णाला नावाऐवजी ओळख क्रमांक मिळतो, आधी आणि नंतर समुपदेशन होते, तपासणी मोफत होते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. समजावून सांगून घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय स्थिती उघड करायची नाही, नोकरी-शिक्षण-उपचारात भेदभाव नाही, माहिती सुरक्षित ठेवायची, तक्रारीसाठी राज्यात लोकपाल. अंमलबजावणी कमी पडते, पण कागदावर हक्क तरी आहे.

उपदंशाला हा हक्क नाही. परम्याला नाही, क्लॅमिडियाला नाही, हर्पीसला नाही, कावीळ बीला नाही. त्या पॅन्ट्रीतल्या तरुणाच्या बिलावर एचआयव्हीची एकच ओळ असती, तर निदान कायद्याचे कलम दाखवता आले असते. गंमत अशी, की एचआयव्ही आयुष्यभर सांभाळावा लागतो, तर सुरुवातीचा उपदंश पेनिसिलीनच्या एका डोसाने, २४ लाख युनिटच्या इंजेक्शनाने बरा होतो. गरोदर बाईला वेळेत दिले तर पोटातले बाळ वाचते. इतका स्वस्त आणि पक्का उपचार असलेल्या आजाराची तपासणी लाजेपायी टळते, हा रोगाचा दोष नाही, व्यवस्थेचा आहे.

आपल्याच लोकांचे चार आक्षेप

पहिला आक्षेप: "आपण जातगणना मागतो, नोंद व्हावी म्हणतो. मग आजाराची नोंद का लपवायची?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की मोजणी आणि शिक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जातगणनेत आपण समूहाचा आकडा मागतो, माणसाच्या दारावर जात लिहा असे म्हणत नाही. तसेच कोणत्या वॉर्डात किती उपदंश सापडला, किती तपासण्या झाल्या, किती बायकांना उपचार मिळाले, हा आकडा सरकारला मिळालाच पाहिजे. त्याशिवाय औषधाचा पुरवठा, तंत्रज्ञाची जागा, निधी काहीच मागता येणार नाही. पण आकडा वर जावा आणि नाव खालीच राहावे. आज उलटे होते. खासगी लॅबचे आकडे वर जात नाहीत आणि रुग्णाचे नाव मात्र बिलासकट गावभर फिरते.

दुसरा आक्षेप तरुण मित्रांचा: "लपवायचे कशाला? उघड बोलू, लाज मोडू." बोलणाऱ्याचे आम्ही स्वागतच करतो. पण उघड होणे हा ज्याचा त्याचा हक्क आहे, सक्ती नव्हे. गिरगावात किंवा दादरला खोली बघायला गेलेला आपला मुलगा आडनाव सांगताना क्षणभर थांबतो, तेव्हा दोष त्याचा नसतो, विचारणाऱ्याचा असतो. विचारणारा सुधारेपर्यंत त्या मुलाला गप्प राहायचा अधिकार आहे. आजाराच्या बाबतीतही तेच.

तिसरा आक्षेप मोठ्या माणसांचा, विहारातही ऐकू येणारा: "तिसरे शील पाळले तर हे आजार होतातच कशाला?" शील आपण रोज म्हणतो, मनापासून म्हणतो. पण शील स्वतःच्या आचरणासाठी घ्यायचे असते, शेजाऱ्याचा रिपोर्ट वाचण्यासाठी नाही. नवऱ्याकडून आजार घेतलेल्या बाईने कोणते शील मोडले? आईकडून उपदंश घेऊन जन्मलेल्या बाळाने? आणि ज्याने चूक केलीच असेल त्याच्याही औषधाच्या आड धम्म येत नाही. आजारी, मळात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी स्वतः धुतले, ही कथा आपण मुलांना सांगतो. त्याआधी त्यांनी आजाराचे कारण विचारून त्याला दोषी ठरवले, असे त्या कथेत कुठेही नाही.

काही जण १६ जून १९३६ च्या सभेचा दाखला देतात. परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी, पोतराज यांच्यासमोर भाषण केले आणि कामाठीपुऱ्यातले जिणे सोडा असे कडक शब्दांत सांगितले. खरे आहे. पण ते भाषण जातीने लादलेल्या धंद्यातून बाहेर पडण्याचे आवाहन होते. त्यातून 'या बायांना उपचार नको' असा अर्थ काढणे हा बाबासाहेबांवर अन्याय आहे. त्यांची या विषयावरची दृष्टी पाहायची तर १९३४ पाहा. गिरगाव चौपाटीजवळच्या विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी संततिनियमनाच्या प्रचारापायी गमावलेले र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. तेव्हा कर्व्यांच्या बाजूने कोर्टात बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लैंगिक प्रश्न विचारणे आणि त्याला शास्त्रीय उत्तर देणे गुन्हा नाही, ही भूमिका बाबासाहेबांनी घेतली, हे आपण विसरता कामा नये.

चौथा आक्षेप हिशेबनीस माणसाचा: "बिलावर तपासणीचे नाव नसेल तर खोटी बिले वाढतील." खोटी बिले नाव छापूनही निघतात. पडताळणी करायचीच असेल तर विम्याच्या किंवा योजनेच्या डॉक्टरने, गोपनीयतेच्या बंधनात राहून करावी. क्लार्कने आणि सुपरवायझरने नाही.

गोपनीयता परकी नाही, ती आपल्या घरची आहे

गोपनीयता हे परदेशी फॅड आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याला पुण्याला न्या. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, बाळ ठेवायचे की न्यायचे हे स्वतः ठरवावे, अशी जाहीर हमी त्यांनी दिली होती. बाई कोणत्या जातीची, कोणाच्या घरातली, चूक कोणाची, हे विचारल्याशिवाय बाळंतपण. या देशातल्या गोपनीय आरोग्यसेवेच्या पहिल्या जाहीर हमींपैकी ही एक आहे. आज ज्या योजनेला फुल्यांचे नाव आहे, तिने निदान एवढी तरी हमी द्यायला नको का?

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. खासगी लॅबच्या बिलावर लैंगिक आजारांच्या तपासणीचे नाव छापू नये. 'रक्त तपासणी' किंवा 'प्रयोगशाळा तपासणी' एवढीच ओळ आणि रक्कम असावी. तपशील आणि कोड लॅबच्या नोंदीत राहावा, रिपोर्ट बंद पाकिटात रुग्णाच्याच हातात द्यावा.

२. एचआयव्हीच्या कायद्यातली संमती, गोपनीयता आणि भेदभावबंदी ही तिन्ही संरक्षणे सर्व लैंगिक संसर्गांना आणि कावीळ बी-सीला लागू करावीत.

३. कामगाराचा वैद्यकीय खर्च परत करताना मालकाने किंवा कंत्राटदाराने तपासणीची नावे मागू नयेत. डॉक्टरचे रकमेचे प्रमाणपत्र पुरेसे मानावे.

४. महापालिकेच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये रंगाच्या डब्याबरोबर तपासणीही मिळावी, निदान गरोदर नसलेल्या बायकांनाही उपदंशाची आणि क्लॅमिडिया-परम्याची. २०२२ पासून सुरू झालेल्या 'आपला दवाखाना'मध्ये ज्या १४७ चाचण्या मोफत असल्याचे सांगितले जाते, त्यांची यादी मराठीत दारावर लावावी, म्हणजे कोणती आहे आणि कोणती नाही हे लोकांना कळेल.

५. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले. तोच नियम वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि महापालिकेच्या रुग्णालयांनाही लावावा. फुले योजनेत बाह्यरुग्ण तपासण्यांना जागा द्यावी.

६. शुश्रूषागृहांना दरफलक आणि रुग्णहक्कांची सनद लावायची सक्ती २०२१ च्या नियमांनी झाली. स्वतंत्र लॅब त्या कक्षेबाहेर आहेत. त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा आणि त्यात गोपनीयतेचे कलम घालावे.

मागण्या सरकारकडे आहेत, पण सगळेच सरकारवर सोडून चालणार नाही. काही कामे आपल्या मंडळांनी, विहारांनी आणि विद्यार्थी संघटनांनी या महिन्यातच हाती घ्यायची आहेत. शिबिरात रक्तदात्याला सांगा की तुझ्या रक्ताची उपदंशाची तपासणी होणार आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. एवढ्या एका वाक्याने पुष्कळ फरक पडतो. आपल्या वॉर्डातल्या दवाखान्यात जा, लैंगिक आजाराच्या कोणत्या तपासण्या होतात आणि कोणत्या वारी, हे विचारा, माहितीच्या अधिकारात लेखी घ्या आणि वस्तीत लावा. लोकलच्या डब्यात 'गुप्तरोग' म्हणून चिकटवलेल्या भोंदू जाहिरातींच्या नादी लागलेल्या मित्राला तिथून ओढून केईएम-नायरला घेऊन जा, सोबत रांगेत उभे राहा. कंत्राटी कामगारांत काम करणाऱ्यांनी बिलाचा प्रश्न युनियनच्या मागणीपत्रात घाला. आणि कोणाचा कागद चुकून हातात आला, तर तो वाचू नका. घडी घालून परत द्या.

पाण्याचा हक्क आपण चवदार तळ्यावर मिळवला. कोणाच्या तरी हातचे पाणी आज पुन्हा एका बिलामुळे बंद होत असेल, तर ती लढाई संपलेली नाही. ती लॅबच्या काउंटरवर येऊन उभी राहिली आहे, आणि तिथेही ती आपल्यालाच लढायची आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!